विश्लेषण : शेजारच्या बाकावरची वही कोण वाचणार?

नव्या प्रगतिपत्रकात वर्गमित्रांच्या मतालाही जागा असणार आहे. पण ज्या वर्गात मुले एकमेकांचे लिखाण वाचतच नाहीत, तिथे हे मत कशाच्या आधारावर दिले जाणार?

चाचणी सुरू झाली की बाकाच्या मधोमध कंपासपेटी उभी राहते. पेटी नसेल तर दप्तर, तेही नसेल तर डावा हात वहीवर आडवा. तरीही शेजाऱ्याची नजर वळलीच तर तक्रार ठरलेली : ‘बाई, हा माझं बघतोय!’ मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते ते सांगावे लागत नाही. चाचणीपुरते ते ठीकच. पण चाचणी संपते, पेपर जमा होतात आणि सवय तशीच राहते. पहिली ते दहावी एकाच तुकडीत बसलेल्या मुलांना एकमेकांचा डबा ठाऊक असतो, घर ठाऊक असते, कोण कोणावर रुसले आहे तेही ठाऊक असते. शेजारच्याने लिहिलेले एक अख्खे पान वाचलेले मूल मात्र विरळाच.

पुढे अभियांत्रिकीला गेले की चित्र उलटे होते, सुधारत मात्र नाही. तिथे वही लपवली जात नाही, उलट फिरते. पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्सच्या शीट काचेखाली दिवा लावून ‘जीटी’ मारल्या जातात. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच राइट-अप अख्ख्या बॅचमधून प्रवास करतो आणि मूळ लिहिणाऱ्याने काही चूक केली असेल तर तीही प्रत्येक फाइलमध्ये जशीच्या तशी उतरते. थोडक्यात, दुसऱ्याचे काम एक तर बघायचे नाही, किंवा बघितले तर उतरवून घ्यायचे. ते वाचायचे, त्यावर विचार करायचा आणि लिहिणाऱ्याला दोन ओळी कळवायच्या, हा तिसरा मार्ग आपल्या शिक्षणात क्वचितच दिसतो.

आता या विषयाकडे लक्ष देण्याचे कारण आहे बदलते प्रगतिपत्रक.

प्रगतिपत्रकात नेमके काय बदलते आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रक समग्र, ३६० अंशांतून पाहणारे आणि बहुआयामी असावे असे म्हटले आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन असेल, हेही धोरणात स्पष्ट आहे. एनसीईआरटीच्या अखत्यारीतील ‘परख’ या केंद्राने त्यानुसार समग्र प्रगतिपत्रकाचे नमुने तयार केले. मूल स्वतः, वर्गमित्र, शिक्षक आणि पालक अशा चौघांनाही त्यात जागा आहे.

कल्पना म्हणून हे स्वागतार्हच आहे. एका मुलाबद्दल वर्षाअखेर फक्त एका माणसाचे मत कागदावर यावे, हीच मुळात विचित्र गोष्ट होती. अडचण वेगळी आहे. वर्गमित्राचा रकाना छापला की वर्गमित्राने काम पाहिले, असे होत नाही.

याचा अनुभव राज्याने घेतलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे दोन भाग आणि सोबत प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी. हेतू असा, की बाईंनी मुलाकडे वर्षभर बारकाईने पाहावे आणि जे दिसेल ते लिहावे. प्रत्यक्षात ‘इयत्तानिहाय, विषयनिहाय वर्णनात्मक नोंदी’ अशा तयार याद्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘प्रश्नांची समर्पक उत्तरे देतो’ अशी वाक्ये उचलायची आणि मुलांच्या नावांपुढे वाटून टाकायची. शिक्षकांना यात दोष देणे सोपे आहे, पण फारसे न्याय्य नाही. वेळच नसेल तर माणूस यादीच शोधणार. सहाध्यायी मूल्यमापनाचा रकानाही याच वाटेने जाण्याची भीती आहे आणि ती अजिबात काल्पनिक नाही.

शिक्षकच सगळे का वाचत नाहीत?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर साध्या गुणाकारात आहे. ५५ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एक पान लिहिले आणि बाईंनी प्रत्येक पानाला फक्त पाच मिनिटे दिली, तर २७५ मिनिटे लागतात, म्हणजे साडेचार तासांहून जास्त. भाषेच्या शिक्षिकेकडे असे दोन-तीन वर्ग असणे नेहमीचे. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिकसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. पण मागणी असलेल्या शाळांत एकेक तुकडी त्याहून बरीच मोठी भरते आणि निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे वेगळेच. मग निबंधाखाली लाल शाईत सही, तारीख आणि फार तर ‘छान’.

मुलाच्या बाजूने हे कसे दिसते? त्याने दोन संध्याकाळी घालवून आजोळच्या विहिरीबद्दल लिहिलेले असते. उत्तरादाखल त्याला एक बरोबरची खूण मिळते. पुढच्या वेळी तो विहिरीबद्दल लिहीत नाही, गाइडमधून उतरवतो. त्याने आळस केला असे म्हणता येणार नाही. वाचणारे कोणी नाही, हे त्याला कळलेले असते.

याच ५५ जणांनी एका तासिकेत प्रत्येकी तीन वह्या वाचल्या, तर १६५ वेळा कुणीतरी कुणाचे तरी पान वाचलेले असते आणि प्रत्येक लिहिणाऱ्याला तीन वाचक मिळालेले असतात. तासिका ३५ मिनिटांची. एका वहीला वाचायला आणि दोन ओळी लिहायला मिळून आठ मिनिटे धरली, तरी शेवटी आपल्या वहीत काय लिहून आले ते बघायला ११ मिनिटे उरतात. त्या ११ मिनिटांत वर्गात काय होते, हे ज्या शिक्षकांनी करून पाहिले आहे त्यांना विचारावे. वर्गात शांतता होते, पण दटावून आणलेली नव्हे. प्रत्येक जण वहीत डोके खुपसून बसलेला असतो.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. मुलांनी एकमेकांचे तपासायचे नाही, वाचायचे आहे. तपासणे आपल्याकडे आधीपासून आहे. श्रुतलेखन झाले की ‘वह्या बदला’ अशी आज्ञा होते. शेजारी लाल पेनाने फुल्या मारतो आणि मग एकेकाने उभे राहून ‘दहापैकी चार’ असे सगळ्यांसमोर सांगायचे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो गावच्या एका आईने नेमक्या या प्रकाराविरुद्ध खटला केला होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की मुलांनी एकमेकांचे पेपर तपासून गुण मोठ्याने सांगितल्याने विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा मोडत नाही. कायदा मोडत नसेलही. पण ‘दहापैकी चार’ ऐकलेले मूल शेजाऱ्याला आपला वाचक समजेल, असे न्यायालयानेही म्हटलेले नाही.

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काय घडले?

वर्गमित्र हे वाचक असू शकतात, ही गोष्ट सर्वांत ठामपणे करून दाखवली ती सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेली जखम घेऊन ते परतले आणि १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या डोंगरातल्या गावात शिकवू लागले. तासन्‌तास बोलून शिकवणे त्यांना झेपेना. म्हणून ते मुलांना घेऊन गावात, शेतात, कारागिरांकडे फिरायला जाऊ लागले. परतल्यावर पाहिलेल्याबद्दल लिहिणे सुरू झाले. काही वर्षांत फ्रेने यांनी एक छोटे हाताने चालणारे छपाईयंत्र मिळवले आणि मुले आपलाच मजकूर एकेक खिळा जुळवून छापू लागली.

छापखान्याचे कौतुक सगळेच करतात. खरी गंमत त्याच्या आधीच्या पायरीत होती. मुले आपापले लिखाण वर्गात वाचून दाखवत. कोणते छापायचे ते वर्ग ठरवी. निवडलेला मजकूर फळ्यावर येई आणि मग सगळे मिळून तो सुधारत, लिहिणारा समोर बसलेला असताना. इथे कोणते वाक्य कळत नाही, इथे तू काय पाहिलेस ते अजून सांग, हा शब्द दोनदा आला. खिळे जुळवायचे म्हणजे एकेक अक्षर हाताने बसवायचे. त्यामुळे फालतू वाक्य छापायला कोणीच तयार नसे, हाही एक फायदाच.

१९२०च्या दशकाच्या मध्यावर या शाळेची जोडी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक इथल्या शाळेशी जमली. तिथल्या शिक्षकाचे नाव रने दानिएल. दोन्हीकडची छापील पाने टपालाने जाऊ-येऊ लागली. डोंगरातल्या मुलांचे वाचक आता समुद्राकाठी होते. आपल्या गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्टही नीट समजावून लिहावी लागे, कारण वाचणाऱ्याने ती पाहिलेली नसे. आणि कोणीतरी दूरवर आपल्या पुढच्या पानाची वाट बघत आहे, ही जाणीव वर्गालाही बांधून ठेवी. लिहिले एकाने, पण पाठवणार सगळा वर्ग. पुढे यातून शिक्षकांची मोठी चळवळ उभी राहिली. फ्रेने यांचे गावकऱ्यांशी आणि सरकारी व्यवस्थेशी खटके उडाले, त्यांना सरकारी नोकरी सोडावी लागली आणि १९३५ मध्ये त्यांनी वाँस इथे स्वतःची शाळा उघडली, हा वेगळा इतिहास.

या चळवळीचा एक धागा मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला आहे. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंची शाळा होती. फ्रेने यांच्या विचारांचे शिक्षक मारिओ लोदी १९६३ मध्ये तिथे आले, मग दोन्ही शाळांतल्या मुलांची पत्रापत्री सुरू झाली आणि तीतून बार्बियानात मिळून लिहिण्याची रीत घडत गेली. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. प्रत्येकाच्या चिठ्ठ्या टेबलावर, मग त्यांचे गठ्ठे, मग मजकूर, आणि मग सगळ्यांनी मिळून नको ते शब्द कापायचे. या रीतीने आठ मुलांनी लिहिलेले पुस्तक १९६७ मध्ये आले. नापास करणाऱ्या शाळेला त्यात खडे सवाल होते. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आणि इथल्या अनेक शिक्षकांनी ते वाचले. आश्चर्य एवढेच, की पुस्तकातला राग आपल्याकडे बराच गाजला, पण ते कसे लिहिले गेले त्या चिठ्ठ्यांची चर्चा त्या मानाने कमी झाली.

आपल्याकडे हस्तलिखिते होतीच की!

होती, आणि अभिमानाने सांगावीत अशी होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलांनी रोज वाचावे म्हणून कोणीतरी रोज हाताने लिहीत होते, ही कल्पनाच आज थक्क करते.

पण नंतर बहुतेक शाळांत हस्तलिखित हे स्नेहसंमेलनाचे आभूषण झाले. ज्यांचे अक्षर सुंदर त्यांना लिहायला बसवायचे, ज्याची चित्रकला बरी त्याने मुखपृष्ठ करायचे, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करायचे. आणि शेवटची चार पाने ‘अभिप्राय’ म्हणून कोरी सोडलेली. त्या पानांवर कोण लिहीत असे? पाहुणे, संस्थेचे पदाधिकारी, शाळा तपासायला आलेले अधिकारी. ‘स्तुत्य उपक्रम, शुभेच्छा.’ खाली लफ्फेदार सही. ज्या मुलीची कविता अकराव्या पानावर होती, तिच्या वर्गातल्या कोणाचीही ओळ त्या अभिप्रायांत सापडत नाही. दुसऱ्या दिवशी हस्तलिखित ग्रंथालयाच्या कपाटात गेले आणि किल्ली शिपाईकाकांकडे.

मुले एकमेकांना काहीच सांगत नाहीत का?

सांगतात, आणि सतत सांगतात. न्यूझीलंडचे संशोधक ग्रॅहम नटहॉल यांनी वर्गातल्या मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून त्यांची दिवसभराची कुजबुज ऐकली. २००७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या पुस्तकातला निष्कर्ष असा, की मुलाला आपल्या कामाबद्दल जो काही प्रतिसाद मिळतो त्यातला सुमारे ८० टक्के वर्गमित्रांकडून येतो आणि त्यातला बराचसा चुकीचा असतो. ही आकडेवारी वाचून ‘म्हणूनच मुलांना बोलू देऊ नये’ असे वाटू शकते. पण ती तर बोलतच आहेत. शिक्षकाच्या पाठीमागे, अंदाजाने, टोमण्यांतून. प्रश्न फक्त त्याला चांगले वळण देण्याचा आहे.

वळण देता येते याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरातील पहिलीतल्या एका मुलाने छायाचित्र पाहून फुलपाखरू काढले. पहिले चित्र पहिलीतले मूल काढते तसेच, गोलमटोल. वर्गाने ते पाहिले, आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल बोलायचे ठरले, मग पंखांवरच्या नक्षीबद्दल. मुलाने पुन्हा काढले, पुन्हा दाखवले. सहावे चित्र असे झाले, की ते पहिलीतल्या मुलाचे आहे यावर मोठ्यांचा विश्वास बसत नाही. शिक्षक रॉन बर्जर यांनी ही चित्रे जगभर दाखवली. ‘ऑस्टिन्स बटरफ्लाय’ नावाची त्याची चित्रफीत शिक्षक प्रशिक्षणात खूप वापरली जाते. बर्जर यांचे नियम तीनच : मायेने बोला, नेमके बोला, उपयोगी पडेल असे बोला.

यातला मधला नियम सर्वांत अवघड आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप सुंदर लिहिलंस’ यांत माया आहे, पण वाचल्याचा पुरावा नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी निबंधाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत वीस अंगठे येतात, तसेच हे. समजा एका मुलीने एसटीच्या प्रवासाबद्दल लिहिले आहे. ‘छान प्रवासवर्णन’ ही ओळ निबंध न उघडताही लिहिता येते. ‘कंडक्टरने सुट्टे मागितले तिथे मला हसू आले, पण मग तू पैसे कुठून दिलेस ते लिहिलेच नाहीस’ ही ओळ वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. पहिली ओळ वाचून ती मुलगी वही मिटते. दुसरी वाचून ती मधल्या सुट्टीत त्या मुलाला शोधत जाते आणि पैशांचे काय झाले ते सांगते. वर्गात ओळख वाढते ती अशी. एरवी वर्षभर त्या दोघांत बोलण्यासारखे कारणच नव्हते.

गुण दिले तर काय बिघडते?

बरेच बिघडते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. एका गटाला कामावर फक्त लेखी टिप्पणी मिळाली, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. टिप्पणीवाल्यांची कामगिरी सुधारली आणि कामातला रसही टिकला. गुणवाल्यांचे तसे झाले नाही. मेख तिसऱ्या गटात आहे. त्यांनाही टिप्पणी मिळाली होती, तरी त्यांचे निकाल गुणवाल्यांसारखेच. गुण दिसले की टिप्पणी बाजूला पडते. मोठ्यांनी लिहिलेल्या टिप्पणीची ही गत, तर दहा वर्षांच्या मित्राने लिहिलेल्या दोन ओळींची काय होईल?

म्हणून प्रगतिपत्रकाच्या नमुन्यांकडे सावधपणे पाहायला हवे. वर्गमित्राने तारे, श्रेणी किंवा चेहरे रंगवायचे असतील, तर मुले दोनपैकी एक करतील. मैत्री असेल तर सगळे पूर्ण, भांडण असेल तर सगळे कोरे. मोठी माणसे सोसायटीच्या निवडणुकीत यापेक्षा वेगळे काही करत नाहीत.

कोणाची वही उघडली जाते?

ज्यांना हा उपक्रम सोपा वाटतो त्यांनी या प्रश्नाजवळ थांबावे. ‘ज्याला ज्याची वही वाचायची ती घ्या’ असे सांगितले तर पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीच्या वहीभोवती आठ जण जमतील आणि शेवटच्या बाकावरच्या तिघांच्या वह्या तशाच पडून राहतील. बाकांची रचना सहसा मैत्रीने ठरते, मैत्री गल्लीने, आणि गल्ली कशाने ठरते हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. मोकळीक दिली तर वाचनही त्याच रेषांवरून चालेल. एकोपा व्हायचा सोडून आधीच्या भिंतींना नवे प्लास्टर मिळेल.

त्यामुळे कोण कोणाचे वाचणार हे मुलांवर सोडू नये, ते हजेरीपटावरून ठरवावे. आज तुझ्या पुढचे तीन क्रमांक, पुढच्या वेळी त्यापुढचे तीन. कोणाला वगळले असे नाही, कोणावर मेहेरबानी केली असेही नाही. नावे लपवण्याचा पर्यायही काही जण सुचवतात. महाविद्यालयात दोनशे जणांच्या वर्गाला तो चालेल. शाळेत चालणार नाही, कारण वहीवरचे अक्षर सगळ्यांना ओळखू येते, आणि मुळात कोणी वाचले हे कळण्यातच सगळे आहे.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक. धुळ्याकडच्या मुलाच्या लिखाणात अहिराणी शब्द येणार, सिंधुदुर्गातल्या मुलीच्या निबंधात मालवणी वळण येणार, अकोल्याच्या मुलाचे वाक्य वऱ्हाडी लयीत जाणार. मुलांच्या हाती लाल पेन दिले तर ती आधी याच शब्दांवर फुली मारतील, कारण शुद्धलेखनाची चूक शोधणे हाच तपासण्याचा एकमेव प्रकार त्यांनी पाहिलेला आहे. म्हणून वाचकाला पेन्सिल द्यावी आणि ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू देऊ नये. ते बाईंचे काम, त्यांनी वेगळ्या दिवशी करावे. कळला नाही तो शब्द विचारायचा : ‘तुमच्याकडे याला असं म्हणतात का?’ ज्याला वर्गात बोलायला संकोच वाटतो त्याच्या भाषेबद्दल दुसऱ्याने कुतूहलाने विचारणे ही त्या मुलासाठी छोटी गोष्ट नसते.

मग त्या रकान्यात काय लिहायचे?

याचे एक उत्तर सॉफ्टवेअरच्या जगात सापडते. नव्याने नोकरीला लागलेल्या अभियंत्याला पहिला धक्का बसतो तो कोड रिव्ह्यूचा. चार वर्षे ज्याची फाइल कोणी वाचली नाही, त्याच्या पन्नास ओळी आता सहकारी वाचतात आणि ‘हे नाव बदल, इथे काय होतंय ते कळत नाही’ असे लिहितात. सुरुवातीला अपमान वाटतो, सहा महिन्यांत त्याशिवाय करमत नाही. तिथेही कामचुकारपणा आहेच. न वाचता ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘मला ठीक वाटतंय’ असे लिहून मोकळे होणारे प्रत्येक टीममध्ये असतात. ती या क्षेत्रातली ‘स्तुत्य उपक्रम, शुभेच्छा’ समजावी. पण लिनक्सच्या विकासकांत एक चांगली रीत आहे. बदल कोणी लिहिला याच्यासोबत तो कोणी तपासून वाचला, त्याचेही नाव ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून कायमचे नोंदले जाते. वाचणाऱ्यालाही श्रेय मिळते.

शाळेला हे सहज उचलता येईल. प्रगतिपत्रकात वर्गमित्राने या मुलाला किती तारे दिले हे नको. या मुलाने वर्षभरात कोणाकोणाचे लिखाण वाचले आणि त्याने लिहिलेल्या प्रतिसादांपैकी एक नमुना, एवढे पुरे. तो नमुना बाईंनी निवडावा, किंवा ज्याला तो मिळाला त्या मुलाने निवडावा. दुसरे अधिक चांगले. ही नोंद यादीतून उचलता येत नाही, कारण तिच्यात विहीर असते, कंडक्टर असतो, सुट्टे पैसे असतात.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. दर आठवड्याला तासिका देणे अनेकांना जमणार नाही. पंधरवड्याला एक द्यावी. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी असे ठरवले आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साधारण ३६ आठवडे, म्हणजे १८ पंधरवडे होतात. दर वेळी तीन वह्या, तर वर्षाला ५४. पंचावन्नच्या वर्गात स्वतःला वगळले की ५४ जणच उरतात. म्हणजे हजेरीपटाच्या क्रमाने गेले तर मार्चपर्यंत प्रत्येकाने वर्गातल्या प्रत्येकाचे एकदा वाचलेले असेल, त्यासाठी लाल शाईचा थेंब किंवा एक रुपयाही न खर्चता.

हा हिशेब सगळी मुले वर्षभर वर्गात असतील हे गृहीत धरून केलेला आहे. बीडमध्ये, अहिल्यानगरमध्ये असे होत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्यासोबत काही मुलेही जातात, ती परतेपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. त्यांच्या पाळीच्या तीन वह्या आणि त्यांच्या पानाचे तीन वाचक यांचे काय करायचे, ते शाळेला आधीच ठरवावे लागेल. फ्रेने यांच्या मुलांकडे टपाल होते. टोळीत निदान एकाकडे तरी फोन असतो, आणि वहीच्या एका पानाचा फोटो फडापर्यंत पोहोचायला रेंज मिळेल तेवढाच वेळ लागतो.